उजव्या बाजूचं दार

४ फेब्रुवारी

आज दारांना हात घातला. विमानाचं बाकी सगळं झालंय. पंख, शेपूट, चाकं, इंजिन, दोन खुर्च्या. सहा वर्षं घरामागच्या शेडमध्ये एकेक तुकडा जोडत आलो आणि आता फक्त दोन दारं राहिलीत. ठिणगी म्हणाला, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, जपून. ठिणगी म्हणजे माझा वेल्डर मित्र. सगळ्या गोष्टींत त्याला धोका दिसतो, स्वतःच्या कामात सोडून. मी त्याला सांगितलं, बाबा रे, बत्तीस वर्षं मी लिफ्टची दारं बसवली आणि दुरुस्त केली. दारांचं मला शिकवू नकोस.

ही चहा घेऊन शेडमध्ये आली तेव्हा मी पुन्हा विचारलं, उजव्या खुर्चीवर कधी बसणार? ही नेहमीचंच म्हणाली, "दार लागलं की बघू." म्हणजे माझ्या कामावर हिचा भरवसा दारापर्यंत आला की बसणार. ठीक आहे. हिचं स्वतःचं शिवणकाम असतं, त्यामुळे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय आहे.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला एकट्याला उडायचं असतं तर मी एका खुर्चीचं विमान बांधलं असतं, निम्म्या कष्टात. ती खुर्ची हिची आहे. ही नाही बसली तर तोल राखायला तिथे वाळूचं पोतं बांधून उडायचं. विमान बांधणाऱ्यांच्या क्लबातले बरेच जण तसंच करतात. मला पोत्याशी गप्पा मारायची हौस नाही.

९ फेब्रुवारी

दार म्हणजे फायबरचे दोन पापुद्रे, एक बाहेरचा आणि एक आतला. दोन्ही इतके पातळ की नखानं वाजवले तर टकटकतात. मध्ये गोंद भरून जोडले की कडक होतात. बिजागऱ्या वर, छताला. दार वरच्या बाजूला उघडतं. उजवं दार आधी घेतलं. टेबल पाणसळीनं सपाट करून घेतलं, दोन्ही पापुद्रे जोडले, वर विटा ठेवल्या. काम असं की बघत राहावं. डाव्याला उद्या हात लावीन, आज शाबासकी घेऊन स्वस्थ बसलो. शाबासकी मीच दिली.

१२ फेब्रुवारी

दार बसत नाही. मागचा खालचा कोपरा अंगठाभर बाहेर राहतो.

सकाळी मी विमानाच्या सांगाड्याला दोष दिला. मग गोंदाला. मग ठिणगीला, कारण सांगाड्याचा तो भाग त्यानं जोडला होता. तो बिचारा येऊन मोजून गेला, अर्धा मिलिमीटरही फरक नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो म्हणाला नाही, पण तोंडावर लिहिलेलं होतं.

ही दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, बाही अंगावर चढवून बघितल्याशिवाय कुणी पक्की शिवतं का? अंग आहे गोल, तुमचं टेबल सपाट. मी म्हणालो, हे कापड नाही. ही म्हणाली, नाही ना, कापड असतं तर उसवता आलं असतं.

जेवणापर्यंत मी हिच्याशी बोललो नाही. जेवताना लक्षात आलं की ही बरोबर आहे. लिफ्टचं दार सपाट, चौकटही सपाट, त्यामुळे माझा हात आपोआप टेबलाकडे गेला. इथे दार विमानाच्या अंगावरच घट्ट बांधून तिथेच वाळायला हवं. डाव्याला हात लावला नव्हता, म्हणून एकच दार फुकट गेलं. म्हणजे फुकट नाही. उसवायचं.

१३ फेब्रुवारी

दिवसभर ब्लेडनं गोंद सोडवला. बोटं सोलली. जास्त लिहवत नाही.

२० फेब्रुवारी

दोन्ही दारं विमानाच्या अंगावर पट्टे आवळून जोडली, तिथेच वाळवली. मग कडा घासायच्या. दार आणि चौकट यांच्यात सगळीकडे तीन मिलिमीटर फट हवी, ना कमी ना जास्त. इथे मात्र हिला मानलं. शिवणाचा खडू घेऊन आली आणि जिथे जिथे दार टेकत होतं तिथे बारीक रेघ मारली. म्हणाली, रेघेपर्यंत जायचं नाही, रेघेच्या अलीकडे थांबायचं, पुन्हा घालून बघायचं. मी कानस घेऊन घाशी, दार लावी, ही रेघ मारी. चार दिवस हेच. एका वेळी पॉलिश पेपरचे दोन हात, बस. लग्नाला चौतीस वर्षं झाली पण इतकं न भांडता आम्ही एकत्र काम कधी केलं नव्हतं. आज फट सगळीकडे सारखी आहे. फार बरं वाटतंय.

हिनं रेघा मात्र फक्त बाहेरून मारल्या. आतून बघायला आत बसावं लागतं. आत जा म्हटलं की हिला शिवणाच्या खोलीतलं काम आठवतं. आतल्या रेघा मग मीच मारल्या, वाकड्या.

१ मार्च

काचा बसल्या. खऱ्या काचा नव्हेत, जाड पारदर्शक प्लॅस्टिक, पण नजरेत भरण्यासारख्या. चौकटीला चहूबाजूंनी रबर लावलं. आता दार लावलं की थप असा आवाज येतो आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं बंद होतं. म्हणजे कुत्रं भुंकतच असतं, आत ऐकू येत नाही. दहा वेळा तरी लावून बघितलं असेल.

हिला बोलावून दाखवलं. ही म्हणाली, "एवढं घट्ट लागायला हवंच का?" आता बोला. लोक सैल दारांच्या तक्रारी करतात. मी वाऱ्याचा वेग सांगितला. मग ही म्हणाली, आतून कसं उघडायचं? मी दाखवलं. दोन्ही दारांचा खटका मी माझ्या खांद्यामागे ठेवलाय, चालवणाऱ्याच्या हाताशी. शेजारी बसणाऱ्याला दाराची काळजीच नको. बत्तीस वर्षांचा हाच पहिला धडा: लिफ्ट मजल्याला लागत नाही तोवर आतल्या माणसाला दार उघडता येता कामा नये. माणूस घाबरला की वेड्यासारखा दाराला झटतो आणि त्यातच जीव गमावतो.

ही "अच्छा" म्हणाली आणि गेली. नंतर दिवसभर गप्पच होती. खडूच्या कामाबद्दल मी पुरेसं कौतुक केलं नाही, म्हणून असेल. संध्याकाळी केलं. उपयोग झाला नाही.

खरं सांगायचं तर माझ्या कामाची हिला कदरच नाही. इतक्या इमारतींत मी लिफ्ट बसवल्या, ही एकाही लिफ्टमध्ये पाऊल टाकायला तयार नाही. लेकीचं घर सातव्या मजल्यावर आहे, तिथेही जिन्यानं जाते. विचारलं तर म्हणते, गुडघ्यांना व्यायाम. त्याच गुडघ्यांना मग तेल चोळत बसते.

६ मार्च

विमानं पास करणारा तपासनीस येऊन गेला. उंच, किडकिडीत माणूस, बोलणं बेताचं. दाराच्या फटीवरून दहा मिनिटं बोट फिरवत राहिला. मला वाटलं, गार झाला. मग म्हणाला, उजव्या खुर्चीवर बसा. बसलो. त्यानं बाहेरून दार लावलं आणि म्हणाला, आता उघडा.

मी खांद्यामागे हात नेला. खटका डाव्या खुर्चीच्या खांद्यामागे. उजव्या खुर्चीवरून हात पोचेना. अंग पिळलं, पोट आवळलं, नाही पोचला. शेवटी त्यानंच पलीकडून येऊन मला सोडवलं. त्यानं विचारलं, तुम्ही बेशुद्ध पडलात तर शेजारच्यानं काय करायचं?

मी त्याला लिफ्टचं सगळं शास्त्र ऐकवलं. त्यानं शांतपणे पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लिफ्टमध्ये अडकलेल्याला बाहेरचा माणूस सोडवतो. वर बाहेर कोणी नसतं." आणि वहीत नापास लिहिलं. म्हणे दोन्ही दारं आतून, एका हातानं, न बघता उघडता आली पाहिजेत, आणि दार ज्याच्या बाजूला आहे त्याला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ही तपासनिसाला दुसरा चहा घेऊन आली. चांगली बिस्किटं, जी मला मोजून मिळतात, ती अख्खी बशी त्याच्यापुढे ठेवली. आणि त्याला म्हणाली, तो नियम पुन्हा एकदा सांगा ना. त्यानं सांगितला. हिनं शिवणाच्या मापांच्या वहीत लिहून घेतला. नवरा नापास झालाय आणि बायको आनंदानं नियम उतरवून घेतेय. तो गेल्यावर म्हणाली, किती समजूतदार माणूस आहे.

११ मार्च

राग गेला. काम करायला घेतलं की माझा राग टिकत नाही, हा माझा मोठा दुर्गुण आहे. प्रत्येक दाराला आता आपापला दांडा. उजव्या दाराच्या दांड्याची जागा हिच्या हातावरून ठरवली. आपल्याकडे सगळ्यात आखूड हात हिचा, हिचा पोचला तर कुणाचाही पोचेल.

त्यासाठी ही पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसली. दार पूर्ण वर उघडं आणि एक पाय बाहेर, पायरीवर. म्हटलं पाय आत घे, माप चुकेल. म्हणाली, असू दे. मी सांगितलं, डोळे मीट आणि दार उघडायचंय असं समजून हात टाक. हिनं हात टाकला. जिथे पडला तिथे खडूनं खूण केली. पाच वेळा टाकायला लावला, पाचही वेळा त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही. शिवणाऱ्या माणसाचा हात. फक्त फार गार होता. शेडमध्ये वारा येतो, पडदा लावला पाहिजे.

खुर्ची कशी आहे, विचारलं. चांगली आहे म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

१७ मार्च

एक किरकोळ गोष्ट. न्हाणीघराची कडी. आमच्या घरात ती कडी फक्त मी लावतो. ही कधी लावत नाही, दार नुसतं लोटून घेते, आणि दारांच्या माणसाच्या घरात हे मला पहिल्यापासून खटकतं. शिवणाच्या खोलीचं दारही हिनं या घरात आलो त्याच महिन्यात काढून ठेवायला लावलं होतं, म्हणे कापडाचे गठ्ठे अडकतात.

तर आज कडी वाजली. मग उघडली. मग पुन्हा लागली. असं चार-पाच वेळा. पाण्याचा आवाज नाही. मी बाहेरून विचारलं, पोट बिघडलंय का? म्हणाली, नाही, तुम्ही जा. दुकानातून पोटाचं औषध आणून दिलं. घेतलं नाही.

२३ मार्च

लेकीचा फोन. ही कालपासून तिच्याकडे आहे. लेक म्हणाली, "बाबा, आई लिफ्टनं आली. एकटी. डोळे मिटून उभी होती, पण सातव्या मजल्यापर्यंत आली." मी विचारलं, लिफ्ट कुठल्या कंपनीची? लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच काही वाटत नाही का? म्हटलं, वाटतं ना, उशिरा का होईना आईला पटलं. गुडघेही वाचतील. लेक म्हणाली, फोन ठेवते. हिच्यासारखीच आहे, अर्ध्यावर सोडून देते.

पण मला मनापासून आनंद झाला, हे लिहून ठेवतो. बत्तीस वर्षांनी का होईना, एकदा.

२ एप्रिल

दांडे बसले. दोन्ही दारं आतून एका हातानं उघडतात. आता हिला विचारायचंच नाही असं ठरवलं होतं, कारण विचारलं की तेच उत्तर येतं. पण दुपारी ही आपणहूनच शेडमध्ये आली, हातातली सुई गळपट्टीत खोवली आणि खुर्चीवर बसली. दोन्ही पाय आत. म्हणाली, मी लावते. दार ओढून लावलं. थप.

मी घड्याळ लावलं, कारण तपासनीस विचारणार. चार मिनिटं आत होती. सगळा वेळ हात दांड्यावर. काचेतून मी काहीतरी बोललो, हिनं तळवा दाखवला, थांबा. मग दार उघडलं, एका हातानं, न बघता. दांडा लोण्यासारखा फिरतो.

बाहेर आली तेव्हा घामानं चिंब झाली होती. पायरीवर बसून राहिली. पाणी आणून दिलं, पेल्याभोवती दोन्ही हात धरून प्यायली. मग म्हणाली, "उद्या पाच."

९ एप्रिल

रोज एक मिनिट वाढवते. आज अकरा. म्हणजे दांडा सारखा वापरून ढिला पडतो का ते बघत असणार. हिची तपासणी त्या तपासनिसापेक्षा कडक आहे. मी कौतुकानं ठिणगीला सांगितलं, तर तो म्हणाला, वहिनी बारीक झाल्यात का रे? मला तर दिसलं नाही.

पण घामाचं काहीतरी करायला हवं. सकाळी, गारव्यातसुद्धा हिच्या कपाळावर थेंब असतात. मी स्वतः बसून बघितलं, मला काही झालं नाही. पण माझं कातडं निबर आहे. एवढ्या घट्ट रबरानं आत हवा खेळत नसणार. तासभर उडायचं तर हिनं तसंच भिजत बसायचं का? सहा वर्षांत मी पंखांचा, इंजिनाचा, कशाकशाचा विचार केला आणि शेजारी बसणाऱ्या माणसाला हवा लागते हे सुचलं नाही. वाईट वाटलं.

१३ एप्रिल

उजव्या काचेला भोक पाडायचं ठरवलं. तळहाताहून थोडी मोठी सरकती खिडकी. डाव्या काचेला नको, मला घाम येत नाही.

ठिणगी म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. एवढी सुंदर काच, एक ओरखडा नाही, तपासनिसानं मागितलेलं नाही, आणि करवत लावलीस की तडा जाईल. हात दाखवून अवलक्षण. त्याचं बरोबर होतं. त्या काचेसाठी मी दोन महिने थांबलो होतो.

ही शाळेचे गणवेश पोचवायला गेली तेव्हा काम काढलं. चार कोपऱ्यांना ड्रिल, सावकाश, काच तापू न देता. मग बारीक पात्याची करवत, दोन घास घ्यायचे आणि थांबायचं. तिसऱ्या बाजूला कट् असा आवाज आला आणि मी डोळेच मिटले. काही नव्हतं, पातं तुटलं होतं. काच शाबूत. संध्याकाळपर्यंत पट्ट्या चिकटवल्या, सरकती पट्टी बसवली. उघडलं की हात मनगटापर्यंत बाहेर जातो.

हिला सांगितलं नाही. उद्या आपोआप दिसेल. हल्ली माझ्याकडे दाखवण्यासारखं थोडंच उरलंय.

१४ एप्रिल

सकाळी ट्रकवर चढवून विमान मैदानावर नेलं. तपासनीस आला. दोन्ही दारांत आळीपाळीनं बसला, डोळे मिटून दांडे फिरवले, खिडकी सरकवून बघितली आणि पास लिहिलं. आज उडायचं नाही, फक्त जमिनीवर पळवून बघायचं. पण दोघांनी बसून पळवायला परवानगी दिली.

मी हिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर विचारलं असतं. आपला डावीकडे जाऊन बसलो आणि पट्टा लावला. मान उजवीकडे वळवली नाही. बराच वेळ उजवीकडे काही हाललं नाही. मला वाटलं, संपलं. वाळूचं पोतं.

मग खुर्ची दबली. ही आत होती. दार ओढायला हात वर केला आणि हिला खिडकी दिसली. सरकवली. हात बाहेर घातला, मनगटापर्यंत, बोटं उघडली-मिटली. मग हात आत घेतला, दार ओढून घेतलं, थप, आणि माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. मी घाबरलोच, म्हटलं काय झालं, बोट चेमटलं का?

नाही म्हणाली. मी इंजिन चालू केलं. मैदानाच्या टोकापर्यंत गेलो, गवत दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं, दारं हूं की चूं करत नव्हती. टोकाला वळायला थांबलो तेव्हा इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ही म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं तर."

हिचा चेहरा असा होता की नाही म्हणणं शक्यच नव्हतं. लग्नाच्या आठवड्यात असा बघितला होता, मग कधी नाही. मी म्हणालो, हो.

"कधीपासून?"

म्हणालो, पहिल्यापासून.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

म्हणालो, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

ही रडली आणि हसली, दोन्ही एकदम. मग माझा हात धरला आणि परत येईपर्यंत सोडला नाही. जमिनीवर विमान पायांनी वळवतात, त्यामुळे चाललं. कपाळावर आज घामाचा थेंब नव्हता. खिडकी परत येताना हिनं स्वतःच लावून घेतली होती, म्हणे केस उडतात.

घरी येऊन तासभर विचार करतोय. मला काय कळलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. लेकीला नक्की माहीत आहे, पण तिला विचारलं तर ती आईला सांगेल. हिला विचारायची तर सोयच राहिली नाही, मी हो म्हणून बसलोय. आत्ता ही आत गाणं गुणगुणत पट्टीनं कापड मोजतेय. जे काय असेल ते, इतकी वर्षं हिनं एकटीनं धरून ठेवलं होतं आणि आज माझ्या हातात दिलं, एवढं कळलं. आता मी ते नीट धरणार आहे, मग काय आहे ते कळो न कळो.